मिटत नाहीत ती दोन बोटं

रस्त्यात माणूस भेटला की आपण विचारतो, जेवलास काय, मुंबईवाले कधी येतायत. तो विचारायचा, "सकाळी कसं झालं?" सकाळी म्हणजे सकाळीच, दुसरं काही नाही. चांगलं झालं म्हटलं तरी सुटका नसायची. घट्ट की पातळ, रोजच्या वेळेला की मागेपुढे, आणि मग अगदी जवळ येऊन, आवाज खाली आणून, "लाल काय दिसलं नाय ना?"

हे तो एसटीच्या थांब्यावर विचारायचा, देवळाच्या पायरीवर विचारायचा. वाडीतल्या एका लग्नात नवऱ्या मुलाच्या बापाला त्याने भर पंगतीत विचारलं. बापाच्या हातात लाडू होता. तो त्याने परत पानात ठेवला आणि हात धुवायला उठला. तेव्हापासून वाडीत नवीन रीत पडली. लग्नाची पत्रिका त्याला द्यायची, पण पान मांडायचं ते बँडवाल्यांच्या बाजूला, म्हणजे त्याने विचारलेलं कुणाला ऐकू जाऊ नये.

मुंबईत एका मोठ्या दवाखान्यात तो एकतीस वर्षं वॉर्डबॉय होता. त्यातली वीसबावीस तरी त्या खात्यात, जिथे मागच्या वाटेने नळी घालून दुर्बिणीने आतडं बघतात. नळी धुवायची, माणसाला कुशीवर वळवायचं, त्याचे पाय धरून ठेवायचे, हे त्याचं काम. गावी परत आला तेव्हा डोक्यावर एक काळा केस नव्हता, तरी सगळे त्याला बॉयच म्हणायचे. "बॉय आला रे" म्हटलं की थांब्यावरची माणसं पांगायची. त्याचं खरं नाव मी लिहीत नाही. तो असता तर म्हणाला असता, नावाला काय करायचंय, वय लिही आणि घराण्यात कुणाला होतं ते लिही.

मी तिसरी शिकलेला. चौथीत मास्तरांनी उगाच मारलं म्हणून दप्तर तिथेच टाकून चिरेखाणीवर गेलो, तो चाळीस वर्षं चिरे काढले. खाणीत अंगावर कडा आला तेव्हा मी ओरडलो नाही. फुरसं पायाखाली आलं तेव्हा त्याला पहारीने बाजूला केलं आणि काम पुरं केलं. मी भिणारा माणूस नाही, हे आरे-वारेपासून आमच्या डोंगरापर्यंत कुणालाही विचारा. पण आज मी भ्यालेला आहे. आत माजघरात माझी बहीण निजली आहे. तिच्या आतड्यातून काढलेला तुकडा तपासायला गेलाय, त्याचा कागद यायला आठ दिवस आहेत. हे आठ दिवस कसे काढायचे मला माहीत नाही, म्हणून त्याच्याबद्दल लिहायला बसलो. त्याच्याशिवाय हे झालं नसतं. आणि माझ्यामुळे ते आठनऊ महिने उशिरा झालं.

त्याचं सगळं शास्त्र एका पंजावर होतं. अंगठा म्हणजे खाणं. मटण किती, खारवलेलं किती, पानात भाजी आणि डाळ किती. करंगळी म्हणजे बसणं, न हललेलं अंग आणि पुढे आलेलं पोट. तिच्या शेजारचं बोट म्हणजे तंबाखू आणि दारू. "ही तीन मिटता येतात," असं म्हणून तो अंगठ्याने ती दोन्ही बोटं दाबून धरायचा. मग वर राहायची दोन. "हे वय. हे रक्त, म्हणजे घराण्यात कुणाला झालंवतं काय. ही मिटत नाहीत. ज्याची ही दोन उभी असतील त्याने नळी घालून बघून घ्यायचं. दुखायची वाट बघायची नाय. आतडं लवकर बोलत नाय, आणि बोलतं तेव्हा उशीर झालेला असतो."

आमच्या शाळेत दोन बोटं वर केली की मास्तर परसाकडे सोडायचे. त्यामुळे तो लांबून कुणाला दोन बोटं दाखवायला लागला की पोरं ओरडायची, "बॉयला लागली, बॉयला लागली!" तो हसायचा. म्हणायचा, "मला नाय रे, तुमच्या बापसाला विचारा."

माझ्या बायकोच्या मशेरीवर त्याचा डोळा. "वैनी, ती डबी ठेवा. एक बोट तरी मिटा."

"तुमचं तोंड मिटा आधी," ती म्हणायची आणि त्याच्यासमोर चांगली चिमूटभर घेऊन दात घासायची. पण चहा द्यायची. वाडीत त्याला बोलावून चहा देणारं घर आमचंच. आम्ही दोघं पहिलीला एका बाकावर बसलो होतो, तेवढी ओळख पुरायची.

मी त्याला डिवचायचो. "आमचा आजा सुकट आणि भात खाऊन नव्वदीला गेला. त्याचा अंगठा कुणी मिटला नव्हता."

"सुकटीने एकटीने कुणी मरत नाय," तो म्हणायचा. "आणि सगळी बोटं मिटली म्हणून कुणी वाचतोच असंही नाय. धोका म्हणजे धोका. निकाल नव्हे. पण तू आजाचं काय सांगतोस? बापसाचं सांग."

बापसाचं नाव निघालं की मी उठून मागच्या नारळीच्या आगरात जायचो.

आजानंतर आमच्या घरात पुरुष पन्नाशी बघत नाहीत हे गावाला माहीत होतं. बापूस अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेला. चुलता त्याच्यापेक्षाही दोन वर्षं आधी. थोरला भाऊ सत्तेचाळिसाव्या. तिघांचंही एकाच वाटेने झालं. आधी मूळव्याध म्हणून सुरण आणि ताक, मग रक्त, मग अंगावरचं मांस उतरत जाणं, मग पोट दगडासारखं. आवस, म्हणजे आई, म्हणायची, राखण चुकली. खाणीच्या वरच्या अंगाला जांभळीखाली आमच्या राखणदाराची, घर-जमीन राखणाऱ्या देवाची, जागा आहे. बापसाने तिथला एक चिरा काढला, तेव्हापासून घरातल्या पुरुषांवर त्याची नजर, असं तिचं म्हणणं. मी दर वर्षी नारळ आणि कोंबडा द्यायचो. थोरला अंथरुणाला लागला तेव्हा दोन दिले, गाऱ्हाणं घातलं, झाडपाल्याचं औषध आणलं. मुंबईला न्यायचं कुणी म्हटलं तर मी म्हणायचो, मूळव्याधीला कोण मुंबईला जातं? मी स्वतः पन्नाशी ओलांडली तेव्हा मला वाटलं, राखण पावली. छाती काढून फिरायचो.

बहिणीची काळजी कुणी केलीच नाही. ती नाट्याला, म्हणजे नाटे गावी, दिलेली. तिकडचा राखणदार वेगळा, तिकडचं भलंबुरं वेगळं. आमच्याकडे मुलगी बोहल्यावरून उतरली की ह्या घरच्या कोपातून सुटली असं धरतात. सगळ्यांनी धरलं होतं. तिनेही.

आणि ती नऊ वर्षं ह्या घरात आली नव्हती, त्यालाही कारण तेच. आवशीच्या बाराव्याला भावकी जमली होती. कुणीतरी म्हणालं, म्हातारीने थोरल्याचा धसका घेतला. तेव्हा ही, थोरल्याला भाऊ आणि मला दादा म्हणणारी, सगळ्यांसमोर म्हणाली, "भाऊला दादाने मारला. नारळ फोडत बसला, डॉक्टरकडे नेला नाय."

मी म्हटलं, "ह्या घराची पायरी परत चढू नको."

ती ताटावरून उठली, पिशवी घेतली आणि फाट्यावरच्या थांब्यावर गेली. रत्नागिरीची पुढची गाडी उशिरा होती. ती तिथे उन्हात तीन तास उभी होती, हे मला माहीत होतं. मी गेलो नाही.

बॉय मयताला पहिला हजर असायचा. खांदा द्यायचा, लाकडं रचायचा, आणि बाराव्याला जेवून झालं की घरच्यांच्या जवळ सरकून विचारायचा, किती वर्षांचे होते, शेवटी काय झालं, त्यांच्या बापसाचं काय झालंवतं. लोक त्याला गिधाड म्हणत. मीही म्हटलं आहे.

एक दिवस तो आमच्या पडवीत बसला होता. चुलीजवळचा कोळसा उचलला आणि गिलावा न केलेल्या चिऱ्याच्या भिंतीवर काढायला लागला. वर एक चौकोन, त्याच्यावर फुली. "हा तुझा बापूस." बाजूला दुसरा चौकोन, फुली. "चुलता." खाली एक चौकोन, फुली. "थोरला." त्याच्या बाजूला एक चौकोन काढला, मोकळा ठेवला. "हा तू." मग एक गोल काढला.

"हा काय?"

"तुझी बाय."

मी म्हटलं, "तिला कशाला काढतोस? ती गेली नाट्याला. आमचं तिला लागत नाय."

तो माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "रक्ताला कन्यादान कळत नाय रे."

मी त्याचा हात धरून त्याला पायरीखाली उतरवलं. घागर आणली आणि भिंतीवर ओतली. पण चिरा म्हणजे भोकाभोकांचा दगड. कोळसा त्या भोकांत गेला तो गेला. पाण्याने उलट काळा झाला. बायको म्हणाली, चुना मारा. मी म्हटलं, चुना मारला तर मी भ्यालो असं होईल. राहू दे. तेव्हापासून मी पडवीत चहा प्यायला बसलो की समोर तीन फुल्या, एक मोकळा चौकोन आणि एक मोकळा गोल.

त्या वेळेला मला रक्त दिसायला लागून दोन महिने झाले होते. हे कुणालाच माहीत नव्हतं. घरात संडास आहे, माझ्याच चिऱ्यांनी बांधलेला. पण बायको आत जाऊन बघेल म्हणून मी पहाटेचा डबा घेऊन वरच्या कातळावर जायला लागलो. विचारलं तर सांगायचो, मोकळ्या हवेत बरं वाटतं. सुरण खात होतो. ताक पीत होतो. जांभळीखाली जाऊन आलो होतो. रोज सकाळी वाटायचं, आज नसेल. रोज असायचं.

एक दिवस कातळावरून उतरताना तो पायवाटेवर उभा. पांढरा सदरा, कोपरापर्यंत मागे घेतलेल्या बाह्या, दवाखान्यात असल्यासारख्या.

"घरात संडास असताना म्हातारा माणूस चढण चढून कातळावर का जातो?" तो म्हणाला.

मी डबा मागे घेतला.

"मी एकतीस वर्षं माणसं बघितली. लपवणाऱ्याची चाल वेगळी असते." मग त्याने काही विचारलं नाही. नुसता पंजा वर केला, तीन बोटं मिटली, दोन उभी ठेवली. आणि तसाच उभा राहिला, माझ्या वाटेत. मी ह्या बाजूने गेलो, तो ह्या बाजूला. मी त्या बाजूने गेलो, तो त्या बाजूला. दोन बोटं माझ्या तोंडासमोर.

शेवटी मी डबा पुढे केला. त्याने तो घेतला. "उद्या पहिल्या गाडीने," म्हणाला.

रत्नागिरीतल्या डॉक्टरांनी तपासून तारीख दिली. नळीच्या आदल्या दिवशी पोट धुवायचं औषध पितात, ते मी प्यायलो. त्याबद्दल लिहीत नाही. खाणीत काम केलेला माणूस त्या दिवशी भिंत धरून चालत होता. तो रात्रभर ओटीवर बसून होता. पाणी पी, आणखी पी, एवढंच बोलायचा.

दवाखान्यात त्याने आतल्या माणसांना काय सांगितलं कोण जाणे, पण त्याला माझ्याबरोबर आत घेतलं. मला कुशीवर वळवलं. मला वाटलं आता मी उठून पळणार. इतकी लाज आणि इतकं भय मला कधी एका वेळी वाटलं नव्हतं. त्याने माझे पाय धरले आणि म्हणाला, "घरी कसा जाशील? गाडीचे थांबे सांग."

"काय?"

"थांबे सांग रे. इथून सुटली गाडी. पुढे?"

"शिरगाव," मी म्हटलं.

"मग?"

"काळबादेवी... आरे..."

"सावकाश. गाडीला घाई नाय. आरेला कोण चढलं?"

नंतर मला कळलं, मुंबईत तो सगळ्यांना हेच करायला लावायचा. कुणी सातारचा असो, कुणी बिहारचा. गावची वाट तोंडाने चालायला लावायची. म्हणायचा, माणूस घरच्या रस्त्याला लागला की पाय सैल सोडतो.

माझ्या आतड्यात चार कोंब निघाले. चामखिळीसारखे. डॉक्टर म्हणाले, हे असेच वाढतात, वर्षानुवर्षं गुपचूप, आणि त्यातला एखादा फिरतो, त्याचा कॅन्सर होतो. चारही काढले. एक फिरायच्या बेतात होता. दुसऱ्या कुणाचं असतं तर मूळव्याधही असू शकते, म्हणाले, पण तुमच्या घराण्यात असं असताना तुम्ही इतकी वर्षं थांबलात कसे? मी भिंतीकडे बघितलं. मग ते म्हणाले, "सख्ख्या नात्यातल्या सगळ्यांना सांगा. भाऊ, बहिणी, मुलं."

परतीच्या गाडीत तो खिडकीशी बसला होता. काळबादेवीच्या पुढे समुद्र दिसायला लागल्यावर त्याने सांगितलं. त्याला एक धाकटी बहीण होती. त्याच्या बापसाला हेच झालेलं. "वीस वर्षं परक्या माणसांना विचारलं, लाल दिसतं काय. बहिणीला विचारायची लाज वाटली. भाऊबिजेला जायचो, लाडू खायचो, ओवाळून घ्यायचो. कसं विचारायचं, तूच सांग? भाऊ बहिणीला असलं विचारतो काय?" त्याने खिडकी बंद केली. "मग तिला आमच्याच खात्यात आणली. पाय मीच धरले. थांबे सांगत होती ती. गावापर्यंत आली नाय. फार उशीर झालावता."

मग त्याने माझ्याकडे बघितलं. "तुझ्या बायेला सांग."

मी हो म्हटलं. श्रावण होता. गणपती आले, गेले. "सांगितलंस?" फोन लागत नाही, मी म्हटलं. दिवाळी झाली. "सांगितलंस?" ती माझ्याशी बोलत नाही, मी म्हटलं. शिमग्याला पालखी दारात आली तेव्हा तो गर्दीतून माझ्याजवळ सरकला आणि नुसती दोन बोटं दाखवली. मी तोंड फिरवलं. तिला सांगायला जायचं म्हणजे काय बोलायचं? थोरल्याला राखणदाराने नेला नाही, ह्या रोगाने नेला, हेच ना? म्हणजे ती बाराव्याला बोलली ते खरं, आणि मी भर भावकीत पायरी बंद केली ती खोटी. हे मला तोंडाने म्हणता येत नव्हतं. मी स्वतःला समजवायचो, ती नाट्याला आहे, तिकडची राखण वेगळी आहे. चार कोंब काढून आलेला माणूस असं समजवायचा स्वतःला.

चैत्र सरता सरता बॉय गेला. सकाळी विहिरीवर अंघोळ करताना छातीत कळ आली आणि बसल्या जागी कलंडला. त्याच्या पोटात काही नव्हतं. वर्षाला स्वतःचं बघून घ्यायचा तो.

त्याच्या बाराव्याला पंगत बसली. सगळे शांतपणे जेवत होते. कुणाला कुणी काही विचारत नव्हतं. मला एकदम ती शांतता सहन होईना. मी शेजारच्या माणसाला, त्याच्या चुलतभावाला, मोठ्याने विचारलं, "तुझं वय किती? ह्याच्या बापसाला, बहिणीला होतं. तू नळी घातलीस काय?"

पंगतीत कुणीतरी खुसखुसलं. "बॉय अंगात आला ह्याच्या."

मी घास खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने रत्नागिरी आणि तिथून नाट्याची गाडी.

नऊ वर्षांनी त्या रस्त्याला लागलो. भाट्ये, गोळप, पावस. पूर्णगडच्या पुलावर गाडी आली तेव्हा मला उतरून परत जावंसं वाटलं. गावखडी, कशेळी, आडिवरे. प्रत्येक थांब्याला वाटायचं, पुढच्याला उतरू.

ती अंगणात रातांबे फोडत बसली होती. आमसुलांसाठी सालं वेगळी, गर वेगळा. मनगटापर्यंत दोन्ही हात लालभडक. मला बघितल्यावर ती उठली नाही.

"कोण गेलं?" तिने विचारलं. माझ्यासारखा माणूस दुसऱ्या कशाला येणार?

"बॉय गेला."

तिचे हात थांबले. "इकडे आलावता तो. दोनदा."

"इकडे? कधी?"

"गणपतीत एकदा, दिवाळीनंतर एकदा. त्या पायरीवर बसून विचारलंन, लाल दिसतं काय. मी म्हटलं, तुमी कोण विचारणारे? माझ्या भावाला पाठवा. तो येऊन सांगेल तर जाईन."

"मला बोलला नाय तो."

"मीच म्हटलं बोलू नका म्हणून. तुला कुणी जा सांगितलं तर तू मुद्दाम यायचा नायस. मी ओळखते ना. आपणहून येऊ दे म्हटलं." तिने एक रातांबा फोडला. "मग बसले वाट बघत."

मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. मान वर करवत नव्हती. तिच्या हातांकडे बघत म्हटलं, "भाऊचं तू बोललीस ते खरं होतं बाय. मी नेला नाय त्याला. न्यायला हवा होता."

तिने गर एका बाजूला सारला.

"लाल दिसतं काय?"

आयुष्यात पहिल्यांदा मी बहिणीला असलं विचारलं. तिने स्वतःच्या हातांकडे बघितलं. मग पदराने तोंड पुसायला गेली, आणि गालाला लाल लागलं.

"दिवाळीपासून," ती म्हणाली.

दिवाळी ते वैशाख. मी बोटांवर मोजलं नाही. मोजायची हिंमत नव्हती.

"एवढे दिवस? घोवाला तरी सांगायचं."

"तू कुणाला सांगितलंवतंस? डबा घेऊन कातळावर जायचास म्हणे. सगळं सांगितलंन त्याने." ती हसली, आणि हसता हसता तिचा चेहरा मोडला. "दादा, मला भाऊसारखं होणार काय रे?"

मी म्हटलं, "हात धू. चल."

काल सकाळी रत्नागिरीच्या त्याच दवाखान्यात तिला आत नेलं. मी विनवलं, पण मला आत घेतलं नाही. तो असता तर आत गेला असता. दारापर्यंत ढकलगाडीबरोबर मी चालत गेलो. तिने गाडीची कड धरली होती. रातांब्याचा रंग अजून नखांत होता.

मी म्हटलं, "बाय, थांबे सांग."

"कसले?"

"घरी कशी येशील? नाट्याहून गाडी सुटली. पुढे?"

ती माझ्याकडे बघायला लागली. तिला वाटलं असेल, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. मग तिला कळलं, कुणास ठाऊक कसं. कदाचित त्यानेच पायरीवर बसून सांगितलं असेल.

"आडिवरे," ती म्हणाली.

"मग?"

"कशेळी... गावखडी..."

"सावकाश. गाडीला घाई नाय."

"पूर्णगड," ती म्हणाली, आणि दार बंद झालं.

मी बाहेर बाकावर बसलो. तिची पिशवी मांडीवर. समोरच्या भिंतीला पांढरा रंग होता, तिच्यावर काही काढलेलं नव्हतं, तरी मला गोल दिसत होता. मी पुढचे थांबे म्हणायला लागलो. पावस. गोळप. भाट्ये. शेजारच्या बाईने माझ्याकडे बघून मुलीला जवळ ओढलं. बघू दे. रत्नागिरी. शिरगाव. काळबादेवी. प्रत्येक नावाला थांबत होतो, चढणाऱ्याला चढू देत होतो. आरे. वारे. मग आमचा फाटा आला. मी उतरलो.

ती आतून कुठवर आली होती मला माहीत नव्हतं. मी फाट्यावर उभा राहिलो, रस्त्याकडे बघत. त्या दिवशी ती तीन तास उन्हात उभी होती, तिथेच.